घुमटाखालचं बेट आणि बाबांचा अंदाज

फेब्रुवारीतल्या बर्फात आपण जर्मनीतल्याच एका बेटावर जायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा नवऱ्याला वाटलं, थंडीने बायकोचं डोकं फिरलं. त्या सहलीला आता बरीच वर्षं झाली. पण दर हिवाळ्यात कोणी ना कोणी मैत्रीण विचारतेच, "मुलांना घेऊन कुठे जाऊ गं या थंडीत?" म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हे बेट म्हणजे बर्लिनच्या दक्षिणेला, रानात उभा असलेला एक अवाढव्य घुमट. आत वाळू, झाडं, तळं आणि बारा महिने उकाडा. सात वर्षांची रेवा, माझी लेक, नाचतच होती. पण मी निघाले होते ते माझ्या सासऱ्यांसाठी.

बाबा वेधशाळेतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांची बदली लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर झाली होती. रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, तापमान बघायचं, आकडे कळवायचे. अंदाज वर्तवायचा तो मुख्य भूमीवरच्या साहेबांनी. घरी मात्र बाबा स्वतःचा अंदाज सांगायचे आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई, बरोबर उलटं बोलायच्या. बाबा म्हणाले "पडणार", की आई म्हणणार, "छे, नाही पडत!" आईंची वेधशाळा म्हणजे शेजारणी. त्यांनी वाळत घातलेले मासे उचलले तरच पाऊस, नाहीतर नाही. हरेल त्याने चहा करायचा. पुढे बेट सुटलं, साताऱ्याला घर झालं, पण ही पैज काही सुटली नाही. मी नवी नवरी होते तेव्हा वाटायचं, काय हे सकाळी सकाळी भांडण!

आई गेल्या आणि बाबांनी हवेबद्दल बोलणंच सोडलं. आम्ही त्यांना डार्मश्टाटला आमच्याकडे आणलं. मी मुद्दाम विचारायचे, "बाबा, छत्री नेऊ का?" तर म्हणायचे, "फोनमध्ये बघ की." त्यांचा व्हिसा संपत आला होता. असं मिटून गेलेलं माणूस साताऱ्याच्या रिकाम्या घरात परत कसं पाठवायचं? बेट बघून तरी बोलतील, एवढीच माझी आशा.

नवरा ब्योब्लिंगेनला कामात अडकला, म्हणून आम्ही तिघंच निघालो. तिकिटं लवकर काढलीत तर श्पारप्राइस, म्हणजे सवलतीचा दर मिळतो, आयत्या वेळी काढाल तर रडाल. आधी बर्लिन, मग रेजिओनालबान नावाची छोटी लोकल गाडी, मग स्टेशनवरून घुमटापर्यंत बस. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच फस्त केली. बाबा खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहिले.

आणि हो, जाड कपड्यांच्या आत सुती काहीतरी घालून जा. आम्ही लोकरीच्या बंडलांसारखे आत शिरलो आणि घामाने निथळलो! बाबांनी मात्र पिशवीतून शांतपणे लुंगी काढली. हात्तिच्या, ही कधी भरली होती? कपडे बदलून आल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "सुजाता, त्या मुलीला विचार बरं, पर्जन्यमापक कुठे ठेवलाय?"

मी विचारलं. काउंटरवरची मुलगी गोंधळली. "आल्झो... इथे पाऊस पडतच नाही."

"पाऊस नाही आणि म्हणे बेट!" बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदा चिडले होते, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आम्ही वाळूत बसलो. बटाट्याचे तळलेले काप महाग आहेत आणि खर्च आत शिरताना मनगटावर बांधलेल्या पट्ट्यात गुपचूप चढत जातो, तेव्हा मुलांकडे लक्ष ठेवा. बाबा वर छताकडे बघत होते. "छत थंडगार, खाली ही एवढी वाफ. संध्याकाळी इथे पाणी पडणार बघ."

मी घाईघाईने म्हटलं, "हो हो बाबा, तुम्ही म्हणताय म्हणजे पडणारच!"

त्यांनी मान हलवली आणि छतावरची नजर काढून घेतली. झालं! कपाळ माझं.

तेवढ्यात रेवा तोंडात काप कोंबत म्हणाली, "नाइन, आजोबा. नाही पडत."

बाबा गर्रकन वळले. "कशावरून?"

पुढचं ती जर्मनमध्येच बोलली, मी मराठीत सांगितलं. समोरच्या बाईने टॉवेल वाळत टाकलेत, अजून उचललेले नाहीत. पडणार असता तर तिने उचलले असते.

आईंच्या शेजारणींची गोष्ट रेवाला कोणीच सांगितलेली नव्हती. बाबा डोळे पुसून म्हणाले, "लागली पैज. हरेल त्याने चहा आणायचा."

संध्याकाळभर आम्ही तिघं माना वर करून बसलो. पाणी काही पडलं नाही. बाबा लुंगीत रांगेला उभे राहिले, खुणा करून चहा मिळवला आणि हरल्याच्या आनंदात तिच्यासाठी केकही घेऊन आले. रात्री तिथेच तंबूत झोपलो. सकाळी सामान आवरताना वरून एक थेंब टपकन बाबांच्या टकलावर पडला.

"पाऊस!" बाबा ओरडले.

"एका थेंबाला पाऊस म्हणत नाहीत," रेवाचं जर्मन लगेच तयार.

"मोजण्याइतका नाही, पण पडला. आमच्याकडे अशा पावसाचीही नोंद होते, बाईसाहेब!" बर्लिन येईपर्यंत दोघांचं भांडण चालू होतं, एक मराठीत, एक जर्मनमध्ये. मला मध्ये बोलायची गरज पडली नाही.

बाबा साताऱ्याला परतले ते बोलते होऊनच. आता फोनवर ढगांची चित्रं बघून ते तिकडून आमचं हवामान सांगतात. रेवा उंचीने माझ्या खांद्याला लागली, पण शाळेला निघताना आजोबांचा फोन चुकवत नाही. परवा बाहेर धो धो कोसळत होता. बाबा म्हणाले, "आज तुमच्याकडे पडणार."

मी खिडकीकडे बोट दाखवलं. रेवाने मला डोळ्यांनीच गप्प केलं, एका हाताने रेनकोटची चेन ओढली आणि म्हणाली, "छे, नाही पडत, आजोबा."

"मग सुट्टीत आलीस की चहा तुझ्याकडे," पलीकडून बाबा म्हणाले. आईंशी बोलायचे, अगदी त्याच आवाजात.