सायकल ठरता ठरेना

धम्मप्रिया शिवशरणला घरात बसवत नसे. दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत दिवसभर "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" असं लोकांना सांगून घरी आली की तिचाच श्वास कुठंतरी अडकल्यासारखा व्हायचा. लेक प्रतिक्षा शिकायला पुण्याला गेल्यापासून तर फारच. भाजी फोडणीला टाकून ती गॅलरीत जायची, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून खाली. नवरा यशपाल वीज कार्यालयात होता, स्वभावानं थंड. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचा, "अगं, टेक की जरा." टेकणं तिला जमत नव्हतं.

एक दिवस तिनं प्रतिक्षाची गियरची सायकल धुऊनपुसून बाहेर काढली. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग विजापूर रोडनं, मग एका रविवारी थेट मंद्रूपला. परतताना प्रत्येक कच्ची वाट बघून तिला वाटायचं, ही कुठं जात असेल? आणि वाटायच्या आत सायकल मुरमात शिरलेली असायची. बाभळीचा काटा तर ठरलेलाच. शेवटी एकदा मागचं चाकच वाकडं झालं आणि सायकल ढकलत हमरस्त्याला आणावी लागली. दुसरी सायकल घ्यायचं त्या दिवशी नक्की झालं. कुठली, ते मात्र ठरेना.

सोलापुरात सात रस्त्याजवळ नागप्पाचं सायकलींचं दुकान होतं. फोनवर कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, असा त्याचा एकाच दमात कारभार चालायचा.

"डांबरी रस्ता जास्त का कच्चा?" त्यानं विचारलं.

"दोन्ही."

"सामान बांधून लांब जाणार, का सकाळी एक फेरी मारून ड्यूटीवर?"

"दोन्ही."

"मग दोन सायकली घ्या की, ताई." नागप्पा हसला. तिला हसू आलं नाही.

त्यानं तिच्यासमोर तीन सायकली उभ्या केल्या. मुडपलेल्या हँडलची हलकी, डांबर-मुरूम दोन्हीवर चालते म्हणतात ती ग्रॅव्हल सायकल, पुढं शॉकअप असलेली जाड टायरची, आणि एक पोलादी, जिच्यावर जिथं तिथं पिशव्या आवळायची सोय होती. "ओळखीच्या आहात. एकेक रविवार चालवून बघा," तो म्हणाला.

पहिल्या रविवारी ग्रॅव्हल सायकल डांबरावर अशी पळाली, की मंद्रूप कधी आलं ते कळलं नाही. पण त्या सायकलीचे टायर बारीक होते. पुढं सुट्या मुरमावर वळताना पुढचं चाक सरकलं, धम्मप्रिया कोपरावर पडली आणि मनातून ती सायकल उतरली. शॉकअपवाली माळावर झोपाळ्यासारखी चालली, पण हमरस्त्याला लागल्यावर ओढता ओढेना. घरी येऊन ती मोबाईलवर लोकांचे व्हिडिओ बघायची. सकाळी एक सायकल पक्की व्हायची, संध्याकाळी दुसरी.

"मला तू एकदाच बघितलं होतंस," यशपाल म्हणाला, "आणि हो म्हणालीस."

"तेव्हा तीन दाखवले असते तर?" ती म्हणाली आणि पुन्हा मोबाईलमध्ये शिरली.

राहिली पोलादी. तिची परीक्षा लांबच्या वाटेवरच घ्यायची म्हणून तिनं दोन दिवसांची रजा टाकली आणि धाकट्या भावाकडं, सतीशकडं, केमला निघाली. सतीश रेल्वेत होता, स्टेशनजवळच राहायचा. जाताना तिनं तंबू घेतला, छोटी शेगडी घेतली, पाण्याच्या बाटल्या, कपडे, सतीशच्या पोरांसाठी शेंगाचटणी. सायकल इतकी जड झाली, की उभी करताना दोन्ही हात लागायचे. मोहोळपर्यंत उत्साह होता. माढ्याच्या पुढं ऊन तापलं, चढ आले, आणि तिला आपल्याच सामानाचा राग यायला लागला. कुर्डुवाडी ओलांडल्यावर गाड्यांच्या आवाजाला कंटाळून ती डांबर सोडून माळावरच्या वाटेला लागली.

त्या माळावर एका लिंबाखाली मेंढरं दाटली होती आणि एक बाई दोन्ही हात हलवत होती.

"ओ बाई, थांबा की! आमच्या मानसाला बघा!"

ती कस्तुराबाई. तिचा नवरा ज्ञानबा खोडाला टेकून बसला होता, चेहरा घामानं भिजलेला. कोकरू उचलायला ओघळीत उतरताना त्याचा पाय दगडात अडकून पिरगळला होता. तो म्हणाला, "लचक भरलीय. बसंल आपोआप." धम्मप्रियानं धोतर वर सारून नडगी बघितली. असे पाय तिनं रोज पडद्यावर बघितले होते. हा लचकलेला नव्हता.

"मामा, हाड मोडलंय. अजिबात उठायचं नाही."

"मग मेंढरं कोन बघंल?" तो म्हणाला. दुखण्यापेक्षा त्याला तीच काळजी होती.

कस्तुराबाईचा फोन बंद पडला होता, हिच्या फोनला रेंज नव्हती. धम्मप्रियानं तंबूच्या दांड्या काढल्या, पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि सामान बांधायच्या पट्ट्यांनी पाय आवळला. ज्ञानबाची नजर मेंढरांवरच होती. मग तिनं सगळ्या पिशव्या सोडून लिंबाखाली टाकल्या.

"मावशी, हे राहू द्या इथंच. मी गाडी घेऊन येते."

"लवकर या, पोरी. न्हाय तर ह्यो उठून चालाया लागंल."

रिकामी झालेली सायकल हातात आली आणि ती चकित झाली. सकाळपासून जिला शिव्या घातल्या तीच आता मुरमावरून सरळ धावत होती, ओघळीच्या वाळूतही रुंद टायर रुतत नव्हते. भीती होती, घाई होती. तरी पाय थांबत नव्हते. केमच्या अलीकडं रेंज आली. सतीशनं शेजाऱ्याची पिकअप काढली आणि ती वाट दाखवायला पुढं बसली. ज्ञानबाला गादीवर निजवून त्यांनी करमाळ्याच्या दवाखान्यात नेलं. कस्तुराबाई मेंढरांपाशीच थांबली. संध्याकाळी तिचा भाऊ आल्यावरच ती नवऱ्याकडं जाऊ शकली.

पायात सळई घालावी लागली. पण पाय वाचला.

सोलापूरला परत आल्यावर धम्मप्रियानं नागप्पाला पोलादी सायकल परत दिली. "हीच ना?" त्यानं विचारलं.

"नाही. ही सामान उतरवल्यावरच धावली. ती मुडपलेल्या हँडलची द्या. पण तिच्यात हिच्याएवढे रुंद टायर बसतात का, ते आधी सांगा."

नागप्पानं वाकून चाकाशेजारची जागा बोटानं मापली. "हिच्याएवढे न्हाई. थोडे कमी चालतील."

"चालतील. आणि मागं एकच पिशवी. दुसरी लावायला जागाच नको."

ज्ञानबा पुन्हा उभा राहिल्याचं पुढं सतीशनं फोनवर सांगितलं. काठी घेऊन चालतो, कळपामागं फार लांब जाता येत नाही म्हणून बायकोवर चिडतो. त्याचं ते चिडणं धम्मप्रियाला बरोबर समजलं.

सायकल आली म्हणून ती काही निवांत झाली नाही. उलट तिची चुळबुळ वाढलीच. आता सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून तिचं जेवणात लक्ष नसतं. परवा यशपालनं विचारलं, "मंद्रूपला किती वेळा जाशील?"

"मंद्रूपला नाही हो," ती म्हणाली, "त्याच्या पुढं कालव्याच्या कडेनं एक वाट जाते. ती कुठं निघते ते अजून बघायचंय."