खोटी तारीख

डोंगरावरच्या खडकांत मुठीएवढा, बिनशेपटीचा, सशासारखा एक प्राणी राहायचा. माणूस दिसला की शिटी मारायचा, म्हणून त्याला सगळे शिटीवालाच म्हणत. त्याच्या लेंड्या गोळा करणं हे मामांचं काम. प्रयोगशाळेत त्यांना लेंडीमामा म्हणत. मामीला मात्र हे नाव मुळीच खपत नसे. "लोकांचे नवरे काय काय आणतात घरी," ती म्हणायची, आणि हात धुतल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडू द्यायची नाही.

अठरा वर्षं मामा दर उन्हाळ्यात वर चढले. चिमट्याने लेंडी उचलायची, नळीत टाकायची, वर जागा आणि तारीख लिहायची. खाली प्रयोगशाळेतल्या बाई त्या लेंडीवरून प्राणी नेमका कोणता, नर की मादी, कोणाचं पिल्लू, सगळं ओळखत. पहिल्या वर्षी एक्केचाळीस निघाले. उन्हाळे तापत गेले तसे ते वर वर सरकले, आणि शेवटी वर सरकायला डोंगरच उरला नाही. सोळाव्या वर्षी सहा निघाले.

"मामा, ही सगळी एकाच आईची," बाई म्हणाल्या. "पिल्लं जगत नाहीत ती त्यामुळेच. बाहेरचं रक्त आणायला हवं, कधीची सांगतेय मी."

उत्तरेच्या डोंगरावर तेच प्राणी होते. तिथून चार आणायचे, एवढीच मागणी. बाईंनी ती तीन वर्षं आधीच केली होती. परवानगी आली तेव्हा इथे चारच उरले होते. मामांनी पिंजरे पाठीवर बांधून वर नेले. शरद ऋतूत एका नळीतली लेंडी नव्या-जुन्या रक्ताच्या पिल्लाची निघाली, तेव्हा बाईंनी मामांना खुर्चीवर बसवून स्वतः चहा करून दिला.

त्या हिवाळ्यात बर्फच पडला नाही. बर्फ म्हणजे या जिवांची गोधडी. ती नसली की थंडी थेट बिळात शिरते. एप्रिलमध्ये मामांना दगडाखाली बाहेरून आणलेला एक नर मेलेला सापडला. फडक्यात गुंडाळून त्यांनी तो खाली आणला.

जूनमध्ये त्यांनी नऊ नळ्या दिल्या. आठवड्याने बाईंनी त्यांना बोलावलं. दार लावून घेतलं.

"मामा, यातल्या तीन नळ्या त्या नराच्या आहेत. एप्रिलमध्ये तुम्हीच आणलात तो."

बाईंनी एक नळी त्यांच्यापुढे ठेवली.

"तारीख जूनची लिहिलीय तुम्ही."

"नऊही जुन्याच लेंड्या होत्या," ते म्हणाले. "अकरा दिवस फिरलो. एक शिटी नाही. रिकाम्या हातानं उतरवेना, बाई."

बाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. बाई फक्त एकेका नळीवरची तारीख खोडू लागल्या. शेवटच्या दोन मामांनी त्यांच्याकडून घेऊन स्वतःच खोडल्या. अहवालात त्या डोंगरापुढे शून्य लिहिलं गेलं.

मामीने त्या दिवशी हात धुवायला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी त्यांना उत्तरेच्या डोंगरावर पाठवलं. गुडघे कुरकुरत होते, तरी गेले. तिथे त्रेसष्ट निघाले, पण खालचे खडक ओस पडू लागले होते. त्याहून उंच, थंड डोंगरावर काही जोड्या आत्ताच हलवाव्यात, असा अर्ज बाईंनी त्याच आठवड्यात टाकला.

त्याला दोन वर्षं झाली. उत्तर अजून आलेलं नाही.