खोडलेली ओळ

तनया, निनाद,

आजोबा हृदयविकाराने गेले, एवढंच तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. पुढच्या आठवड्यात मला कोर्टात साक्ष द्यायची आहे. त्याआधी सगळं तुमच्या आजीकडूनच कळावं, म्हणून लिहिते.

त्या सकाळी सुखरामचा फोन आला. गावतलावाचं पाणी सोडायचं काम त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. "बाई, साहेब पाळीवर बसले, अन् उठूनच नाही राह्यले..." ऐंशीला टेकलेला माणूस भर पावसात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कशाला गेला, हे तुमच्या आईने मला दोनदा विचारलं. त्याचं उत्तर इथे लिहिते.

गेल्या वर्षी पंचायतीने तलाव मासेमारीसाठी बाहेरच्या ठेकेदाराला दिला. करार आजोबांनी लिहिला, आपल्या अर्जुनीच्या घरी. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बांबूची ताटी लावतात, आणि पाणी खुणेच्या दगडाला लागलं की, मासे जावोत की राहोत, ताटी उचलतात. नाहीतर तुंबलेलं पाणी पाळ फोडेल, आणि पाळीखाली अख्खी वस्ती आहे. आजोबांनी ते कलम लिहिलं होतं. सुखराम ऐकून हसला. "हे बी लिवाव लागते का, साहेब? मंग भात चावून खाजा, हे बी लिवा." आजोबाही हसले आणि त्यांनी ओळ खोडली. जन्मभर त्यांनी कोर्टात हेच मांडलं होतं, की जे दोन्ही बाजूंना उघडच ठाऊक असतं, ज्याच्यावाचून करार चालूच शकत नाही, ते न लिहिताही करारात असतं. दुसरी बाजू या गावची नाही, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ठेकेदाराने ताटीऐवजी लोखंडी जाळी बसवली, नटबोल्टने आवळून. जाळीत काडीकचरा अडकला आणि पोळ्याच्या सुमारास पाणी दगडाच्या वर गेलं. आजोबांनी जाळी काढायला सांगणारा फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "कागज में कहां लिखा है, वकीलसाब?" मग पंचायतीतर्फे कोर्टात अर्ज झाला, तारीख पडली. पाळीच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसू लागली होती... आजोबा रोज ती बघायला जात. एकदा जेवता जेवता म्हणाले, "कोर्ट मान्य करेल गं. पाणी तोवर थांबेल का?" तारखेच्या चार दिवस आधी ते गेले, आणि तारीख पुढे ढकलली गेली.

त्यांची कपाटं लावताना मला कराराचा तो मसुदा सापडला, खोडलेल्या ओळीसकट. त्यांच्या जागी आलेला तरुण वकील म्हणाला, "काकू, हा कागद बाहेर काढू नका. खोडलं म्हणजे मुद्दाम काढलं, असंच ते म्हणतील." दोन दिवस मी विचार केला. पण आजोबांनी कोर्टापासून कधी कागद लपवला नाही. मी तो दाखवणार आहे, आणि ओळ का खोडली ते सुखराम सांगणार आहे. यात आपण हरूही शकतो. हसलो होतो हे कबूल करायला त्याला किती जड जातंय, ते मला दिसतं.

जाळी अजून तशीच आहे आणि तलाव काठोकाठ आहे. सुखराम रोज सकाळी ओल बघून मला फोन करतो. आजही केला. पाळ उभी आहे.