दिघोरीच्या गोधडीवरचे मासे

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी दिघोरी सोडली. लाखांदूरच्या स्टँडवर माय आली होती. नवरा भिलाईच्या कारखान्यात, नवं क्वार्टर, लग्नाला महिनाही झालेला नव्हता. एसटी सुरू झाली तेव्हा मायनं गुंडाळलेली गोधडी खिडकीतून आत ढकलली. "काहून रडून राहिली? परक्या जागी पयल्यांदा आपलं अंथरुण पायजे," म्हणाली. तिचेच डोळे वाहत होते.

भिलाईत सगळे रस्ते सरळ आणि सगळी क्वार्टरं सारखी. डावीकडे तेलुगू, उजवीकडे बंगाली, समोर पंजाबी. दिघोरीत मी कोणाच्याही घरात न विचारता शिरायची. इथं बेल वाजवून उभं राहावं लागे. माझं हिंदी तुटकं, त्यामुळे मी दारातूनच परत फिरायची.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीण बाईंनी प्रवासाला साफ मनाई केली. तिकडे धान कापणीला आलेलं. माय मळणी झाल्याशिवाय निघू शकत नव्हती. बाळाची गोधडी मलाच शिवायची होती, आणि पेटीत सगळ्या साड्या लग्नातल्या, कडक. माय नेहमी म्हणायची, "लेकराले नवं कपडं टोचते. मानसाच्या अंगावर नरम झालेलं पायजे."

एका सकाळी शेजारची शेफालीदीदी जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बाईशी घासाघीस करत होती. तिच्या हातात धुऊन धुऊन मऊ झालेली पांढरी सुती साडी होती. मी जिवाचा धडा करून म्हटलं, "दीदी, ये साड़ी मुझे दोगी? पैसा नहीं, ऐसेच."

भांडेवाली हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेफालीदीदीनं विचारलं, "तुम क्या करेगी?"

"बच्चे का गोदड़ी."

तिनं घेतलेला डबा परत केला आणि साडी माझ्या खांद्यावर टाकली. "पहले बोलना था ना!"

दुपारपर्यंत गोष्ट आमच्या ओळीभर झाली. तेलुगू अम्मानं नवऱ्याचं धोतर आणलं, समोरच्या पंजाबी भाभीनं दोन ओढण्या. ह्यांची झिजलेली खाकी पँट मी मधल्या थराला घातली. मायनं दिलेली गोधडी अंगणात पसरून मी टाके दाखवत होते: काठापासून सुरू करायचं, चौकोनात फिरत मध्यावर यायचं. शेफालीदीदीला सरळ ओळ पटेना. तिनं एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं मासा काढला. "मेरी माँ बनाती थी," म्हणाली. मग चारही कोपऱ्यांत मासे आले. पुढच्या दुपारी कोणी बेल वाजवली नाही. सरळ आत आल्या.

थंडीत मुलगी झाली. माय आली ती तांदूळ आणि लाखोळीची डाळ घेऊन. नातीला मांडीवर घेतलं आणि गोधडी उलटी करून मागचे टाके बघू लागली. लहानपणी वाकडा टाका दिसला की ती सगळं उसवायला लावायची.

"ह्यात दिघोरीची एक बी चिंधी नाही," ती म्हणाली.

"नाही माय."

प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, हे कोनाचं, ते कोनाचं. मी सांगत गेले. शेवटी तिनं नातीला त्याच गोधडीत गुंडाळलं. "मले वाटे, माही पोरगी अठी एकटी पडली. एवढ्या घरचं जुनं जिले भेटते, ते कायची एकटी?"

जाण्याआधी ती शेफालीदीदीजवळ बसून मासा शिकली. एकीला मराठी येईना, दुसरीला बंगाली. दोघी दोऱ्यानंच बोलल्या.

दिघोरीतल्या बायांनो, ऐंशीनंतर तुमच्या गोधड्यांवर जे मासे आले, त्यांना तुम्ही आमच्या तळ्यातले मासे म्हणता. म्हणा. पण ते भिलाईच्या अंगणातून आले, आणि माझ्या मायनं आणले, हे मी छाती ठोकून सांगते.

आणि गाव सोडून जे माझ्यासारखे दूर गेले, त्यांना एवढंच सांगते. नवं कापड कुठल्याही दुकानात मिळतं. ज्या दारात उभं राहून जुनं मागायला जीभ अडखळत नाही, ते आपलं घर. माझी अशी दारं दिघोरीत आहेत, भिलाईतही आहेत.