बंबातल्या नळ्या

औरंगपुऱ्यात तांब्याचे बंब दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. गावातली कापडगिरणी बंद पडेपर्यंत तो तिथं वाफेच्या बॉयलरवर होता. आमच्या बंबाची जळकी मधली नळी त्यानं काढली आणि न विचारताच तिच्या जागी बारीक नळ्यांचा जुडगा बसवला.

आई भडकली. "मी बंब दिला होता, इंजिन नव्हतं मागितलं!"

"वहिनी, एका नळीतून जाळ नुसता पळून जातो. वाटून दिला की लई तापवतो. गिरणी अशीच चालायची."

खरंच, मूठभर चिपाडांवर पाणी उकळायचं. पण नळ्या काजळीनं तुंबायच्या. मग दर रविवारी तो लांब दांड्याचा ब्रश घेऊन यायचा, बंब आडवा करून नळ्या घासायचा, एकेकीला डोळा लावून पलीकडचा उजेड बघायचा. चहा घ्यायचा, पैसे नाही.

पुढं घरात गिझर आला. तरी शनिवारी आई बंब पेटवायचीच.

"आता कशाला?" मी विचारलं.

"उद्या ते येतील ना. नळ्या साफ निघाल्या, तर त्यांनी करायचं काय?"