आईच्या फासळ्यांतले चार ठिपके

आमच्या घरात कुणाला काय झालंय हे सगळ्यात आधी मला कळतं, असा माझा समज आहे. आईचा डावा गुडघा सुजला, चालताना मध्येच अडकायला लागला, तेव्हा मी पडवीतल्या खुर्चीतून न उठताच निदान केलं : वय झालं. मग तेल आणलं, पट्टा आणला, मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ शोधले. ते व्यायाम तिला करून दाखवताना माझीच कंबर धरली. तेल अजून माझ्याच कंबरेला लागतं.

शेवटी सावंतवाडीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते एक्स-रे बघून म्हणाले, झीज वयाच्या मानाने काहीच नाही. गुडघा अडकतोय म्हणजे आतली गादी फाटली असावी. गादी एक्स-रेत दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते, पण आईच्या छातीत जुना पेसमेकर, त्यामुळे त्या यंत्रात तिला घालता येत नाही.

"गोव्यात जाऊन बोन स्कॅन करा," डॉक्टर म्हणाले. "शिरेतून किरणोत्सारी औषध देतात, ते हाडात जाऊन बसतं. गादी त्यातही दिसणार नाही. पण गादी दुखावली की तिच्याखालच्या हाडावर ताण येतो, आणि जिथे हाडाचं काम वाढतं तिथे औषध जास्त जमतं."

मी सगळं कळल्यासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन मोबाइलवर शोधलं. तिथे चुकलो. बोन स्कॅनच्या खाली प्रत्येक दुसऱ्या ओळीत कॅन्सर. त्या क्षणापासून गुडघा माझ्या डोक्यातून गेला आणि तो शब्द बसला. आईने विचारलं, "ह्या स्कॅन म्हंजे काय रे?" मी म्हटलं, "फोटो."

गोव्यातल्या हॉस्पिटलात सकाळी तिला इंजेक्शन दिलं. तीन तास थांबा, भरपूर पाणी प्या, आणि आजचा दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा, असं नर्सने सांगितलं. आई माझ्याकडे बघायला लागली.

"ह्या वयात परत भायर बसयतत माका!"

समोरच्या बाकावरच्या दोन बायका हसल्या. मी नाही हसलो. आई बाटलीमागून बाटली पाणी पीत होती, आणि मी तिच्याकडे चोरून बघत, ती बारीक झालीये का याचा अंदाज घेत होतो.

स्कॅन झाल्यावर तरुण डॉक्टरांनी मला आत बोलावलं. पडद्यावर माझी आई उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत, नुसती हाडं. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला काळाकुट्ट डाग. "हे बघा, गादीखालचं हाड. तुमच्या डॉक्टरांची शंका बरोबर वाटते," ते म्हणाले. पण माझी नजर वर गेली होती. डाव्या फासळ्यांत चार काळे ठिपके होते.

मी खाली बसायला गेलो, तेव्हा खुर्ची तिथे नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं.

"पसरलंय?" मी विचारलं.

"काय पसरलंय?"

तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. "नाही हो. ते सहसा असं ओळीत येत नाही. हे चारही एकाखाली एक आहेत. तडे आहेत, भरत आलेत. सोबत काढलेल्या सीटीतही दिसतायत. आजी दोनेक महिन्यांपूर्वी चांगल्याच आपटल्यात. गुडघाही तेव्हाच गेला असणार. तुम्हाला माहीत नाही?"

मी तिच्याच घरात राहतो. दोन महिने चार फासळ्या मोडलेली बाई मला दोन वेळा जेवायला वाढत होती आणि मी तिला पाय वर-खाली करायला शिकवत होतो. माझ्या विनोदांना ती कूस धरून हसायची, तेव्हा मला वाटायचं, आपला विनोद सुधारला.

बाहेर आई बाकावर बसली होती.

"आये, तू पडलंस?"

ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "त्या फोटोत ता पण दिसता?"

"चार फासळ्यो मोडल्यो."

"चार?" तीही हादरली. "माका वाटला एकच."

"खंय पडलंस?"

"गडग्यार."

गडगा म्हणजे मीच बांधलेली चिऱ्यांची भिंत. दीड वर्षापूर्वी शेजारच्या काकीच्या मुलाशी वीतभर जमिनीवरून माझं वाजलं. मी रागाने गडगा घातला, आणि आई ज्या वाटेने पन्नास वर्षं पलीकडे त्या काकीकडे जात होती ती वाट बुजवली. मी आणि काकीचा मुलगा तेव्हापासून बोलत नव्हतो. आईही जात नसणार, असं मी धरून चाललो होतो. इकडे ही दुपारी माझा डोळा लागला की मासळीचा क्रेट उपडा घालून गडग्यावर चढायची, पलीकडे काकी स्टूल धरून उभी असायची. एक दिवस क्रेट कलंडला, ही गडग्यावर आपटून पलीकडे स्टुलासकट कोसळली. दोघींनी शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही.

"माका सांगूक काय झाला होता?"

"सांगला आसता तर तू आणखी दोन चिरे चढयले आसतंस. वर काचो लावल्यो आसतंस."

काचांसाठी रिकाम्या बाटल्या मी जमवूनही ठेवल्या होत्या.

"आता ह्या गुडघ्यान चढूक गावाचा नाय," ती म्हणाली. "तुझ्या काकीक रस्त्यान येताना चढणीर दम लागता. म्हंजे संपला." आणि चार फासळ्या मोडून न रडलेली माझी आई त्या बाकावर पदर डोळ्याला लावून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली. तिसऱ्या घावाला काकीचा मुलगा तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. दीड वर्षातलं पहिलं वाक्य.

"काय करतंस रे?"

"फोडतंय."

"कित्याक?"

मी फासळ्यांपासून सगळं सांगितलं. त्याचा ब्रश तोंडातच थांबला. मग तो पायरीवर बसला. "आमच्या आवशीन माका सांगल्यान, स्टुलाचो पाय मांजरान मोडलो." जरा वेळाने थुंकून आला. "पण हयसर नको फोडू. हयसर माझी मिरवेल आसा. चार फूट वर सरक."

"चार फूट वर माझो माड आसा."

"माड तुझो कसो? मोजणीत..."

"मेल्यांनो," पडवीतून आई ओरडली, "सपाट आसा थंय फोडा! तुमच्या वेलीक आणि माडाक गुडघे नाय हत!"

तो आत गेला आणि स्वतःची पहार घेऊन आला. मिरवेलीबद्दल बोलायचं मात्र त्याने थांबवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही माडाबद्दल.