मोर्शीला गेली की बंद पडणारी मशीन

सांगा बरं, बंद पडलेली मशीन आणि तिचा मालक दोघं एकदम दुकानात आले, तर विश्वास कोणावर ठेवायचा? मालक म्हणतो, "मी काहीच केलं नाई." मशीन तर बोलतच नाही!

अमरावतीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी हे कुठं शिकलो नाही, मिक्सर दुरुस्त करता करता इथवर आलो. किस्से आपोआप साचत गेले. नीट चालणाऱ्या मशीनचा किस्सा होत नाही. पण मोर्शीच्या नानाभाऊंकडे गेलेल्या एकाच मशीननं मला पाच दिले.

नानाभाऊ संत्र्याचे व्यापारी. त्यांची लेक पल्लवी कॉलेजात, गेम खेळणाऱ्या पाच पोरींच्या टीमची कॅप्टन. महिन्याभरानं फायनल होती, जिनं तिनं आपापल्या घरूनच खेळायची. खेळता खेळता एकीची मशीन बंद पडली की टीम बाद. म्हणून नानाभाऊंनी कंपनीतून जोडूनच आलेली गेमिंग मशीन घेतली. नेताना म्हणाले, "बंद पडली तर मशीन वापस, अन् पोट्टी बँकेच्या परीक्षेले!"

पल्लवी काउंटरपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

*

तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "काका, दहा मिनिटं खेळलं की स्क्रीन काळी!"

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेममधली चित्रं काढणारा भाग, तापून बंद पडत होतं. मी मोर्शीला गेलो, झाकण उघडलं. प्रवासात कार्ड हलू नये म्हणून कंपनीनं आत कोंबलेला फोम तसाच! पंख्याला हवा मिळणार कुठून?

"नानाभाऊ, हा काढला काहून नाही?"

"कंपनीनं टाकला, तो आमी कावून काढाव?"

"संत्र्याच्या पेटीतला पेंढा कोण काढते?"

"गिऱ्हाईक," म्हणाले, आणि स्वतःच उठून फोम काढायला लागले.

*

दहा मिनिटांचा अर्धा तास झाला, पण बंद पडणं काही थांबलं नाही. मशीन दुकानात आणून दोन दिवस चालवली. हूं की चूं नाही! मोर्शीला परत गेली की पुन्हा स्क्रीन काळी.

"दुकानात मंतर मारून राहिले का तुमी?" नानाभाऊ म्हणाले.

जाऊन पाहतो तर शालूवहिनींनी, म्हणजे पल्लवीच्या आईनं, मशीनला झालरीचं कव्हर शिवलेलं. फ्रिजला होतं, मिक्सरला होतं, हिलाच काय म्हणून नसावं?

"नवी हाय भाऊ, धूळ बसन न."

"वहिनी, कव्हर घाला, पण मशीन बंद असली तेव्हाच."

"मंग ते बंद कधी असते, ते सांगा!"

*

मग स्क्रीनवर रेघा यायला लागल्या. नानाभाऊंनी मशीन मोर्शीला परत नेली होती ती टेम्पोत, रिकाम्या पेट्यांच्या मधात. कार्ड वजनदार, धक्क्यांनी एका बाजूनं खाली झुकलं होतं. टेकू मागवावा लागणार आणि यायला आठ दिवस लागणार, असं मी सांगितलं. नानाभाऊ आत गेले, गेल्या बहाराच्या संत्र्यांच्या पेटीची एक पट्टी कापून घेऊन आले. खाली लावली. मापात बसली, रेघा गेल्या!

मी फोटो कंपनीच्या माणसाला पाठवला. त्याचा लगेच फोन. "ये कौनसे मॉडेल का सपोर्ट है?"

मी फोन नानाभाऊंकडे दिला.

"आंबिया बहार," ते म्हणाले.

*

मे महिना लागला. कूलर सुरू झाला की घरातले दिवे डोळा मारायचे आणि मशीन बंद. दोघांची वायर एकाच बोर्डावर! मी म्हटलं, यातलं एक काहीतरी बंद ठेवा.

नानाभाऊंनी कूलरकडे पाहिलं, मग पल्लवीकडे. "पोट्टीले इचारा, तिले गेम पायजे का बाप पायजे."

पल्लवी विचार करायला लागली. ती बोलायच्या आत मी मशीन देवघराशेजारच्या बोर्डावर लावून दिली.

*

आठवडा बरा गेला. मग पल्लवीचा फोन, आवाज दबलेला. "काका, रोज संध्याकाळी एकदाच बंद पडून राहिली. चालू केली की नीट. बाबाले सांगतलं नाई अजून." फायनल रविवारी होती, आणि तीही संध्याकाळीच.

आधी कार्ड बंद पडायचं तेव्हा मशीनच्या आत काहीतरी नोंद सापडायची. आता काहीच नाही. नुसती जायची! मी म्हटलं, वही ठेवा. किती वाजता बंद पडली आणि तेव्हा घरात काय चालू होतं, ते लिहा. पल्लवी खेळण्यात असते, म्हणून वही शालूवहिनींकडे आली.

शनिवारी पल्लवीनं वहीचा फोटो पाठवला. सहा अठ्ठेचाळीस. सहा अठ्ठेचाळीस. सहा एकोणपन्नास. सहा एकोणपन्नास. सहा पन्नास. घरात काय चालू होतं? प्रत्येक ओळीसमोर तेच उत्तर: "काही नाही."

मी बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसलो. ताप, धूळ, व्होल्टेज, यातलं काहीच असं मिनिटामिनिटानं पुढं सरकत नाही. ही मशीन पंचांगातला सूर्यास्त पाहून बंद पडत होती!

रविवारी मी मोर्शीला जाऊन बसलो. नानाभाऊही हाताची घडी घालून शेजारी. पल्लवी स्क्रीनला चिकटलेली, खोलीभर गोळीबार. तिच्या टीमला जिंकायला शेवटची दोन मिनिटं उरली होती.

सहा पन्नास झाले. "दिवे लागाच्या टाइमाले ठो ठो ठो!" असं पुटपुटत शालूवहिनी दिवा घेऊन देवघराकडे निघाल्या. बोर्डापाशी थांबल्या. दिवा उजव्या हातात होता. डावा हात मशीनच्या बटणाकडे गेला.

मी उठलो, खिळ्याला टांगलेली वही काढली आणि पेनासकट त्या डाव्या हातात दिली.

"वहिनी, आज आधी लिहून घ्या. वेळ, सहा पन्नास. घरात काय चालू होतं, तेवढं मात्र खरं लिहा."